समुद्रातला पळस

रविवारी सकाळी, दुकान उघडायची वेळ व्हायच्या आधी, आर्णीतल्या राहत्या घरी तुमचं निधन झालं. तुम्ही अंगणात खुर्चीवर बसला होता. एका पायात चप्पल होती, दुसरी शेजारी पडलेली होती. कुंदाताई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तुम्ही मान खाली घालून चप्पल शोधताय असं तिला वाटलं. डॉक्टर मागच्याच गल्लीतले, लगेच आले. हृदय बंद पडल्याचं त्यांनी सांगितलं. दुपारी अरुणावतीच्या काठावर अंत्यसंस्कार झाले.

भाऊजी, तुमची बातमी मीच लिहिली. यवतमाळच्या कार्यालयात बसून लिहिली, आणि तुमच्या बायकोचा भाऊ लिहितोय असं तिच्यात कुठं दिसणार नाही याची काळजी घेतली. आर्णीतले मोटारसायकलच्या सुट्या भागांचे व्यापारी, मागे पत्नी, मुलगी, जावई. बातमी टाइप करणाऱ्या ऑपरेटरनं सवयीनं 'मनमिळाऊ स्वभावाचे' असं घातलं होतं, ते मी काढलं. तुम्ही मनमिळाऊ नव्हता. गिऱ्हाईकाशी भांडायचात, माझ्याशी तर लग्नाच्या मांडवापासून भांडत आलात. 'काय पेपरवाले, आज काय खोटं छापलं?' हा तुमचा नमस्कार होता.

हे जे लिहितोय ती बातमी नाही. ताईनं सांगितलं म्हणून लिहितोय.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही परत आलो. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर लोक बसायला आले होते. बोलणं पावसापाण्यावरून कापसावर, कापसावरून तुमच्यावर आलं आणि कुणीतरी म्हणालं, "दिवाकरभाऊ आता समुद्रातल्या पळसाखाली बसले असतीन." दुसरा म्हणाला, "अन् देवाले सांगून राह्यले असतीन, का चाल, वाट दाखवतो." लोक हसले. वाईट मनानं नाही. तुमच्यावर जीव असलेलेच लोक होते. पण आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेल्या ताईनं ते ऐकलं. तिनं मला खुणेनं बोलावलं.

"तू ह्याइच्यावर पेपरात लिहिशीन?"

"लिहितो ना."

"ह्याइनं समुद्रात पळस पाह्यला होता, हे लिहिशीन?"

ती माझ्याकडे बघत होती.

"लोकं हसून राह्यले," ती म्हणाली. "हे होते तवा हसत, तं मले काई वाटे नाई. हेबी हसत. आता हे नाईत, अन् गोष्ट तेवढी राह्यली. बारा महिने सांगतीन अन् हसतीन. माणूस खोटा होता का खरा होता, तेवढं मले पाह्यजे."

"खात्री झाली तं लिहीन, ताई."

"मंग कर खात्री. तेरवीच्या आत कर."

"गाव कोणतं ते तरी मालूम पाह्यजे ना."

ती काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात मुकुटबनकडची तुमची मावसबहीण दारातूनच रडत आत आली आणि ते बोलणं तिथंच थांबलं.

त्या रात्री यवतमाळला परतताना एसटीच्या खिडकीशी बसून मी तुमच्या सहलींचा विचार करत होतो. बाहेर तूर निघालेली रिकामी वावरं होती. चांदणं पडलं की काळी जमीन ओली दिसते. तुम्ही म्हणायचात, 'हे पाह्य, सपाट, काळंभोर, पार दूरपर्यंत. समुद्र असाच असते, फक्त तो हालते.'

दरवर्षी तूर घरात आली, कापसाच्या शेवटच्या वेचण्या उरकल्या, की तुम्ही एक बस ठरवायचात. दुकानाच्या शटरवर कागद चिकटायचा: 'कोकण दर्शन. समुद्र दाखवण्यात येईल.' त्यात कमाई नव्हती. लोकांना वाटायचं तुम्हाला हौस आहे. शाळेतले मास्तर, किराणावाले, सुना-सासवा, एखादं नवं जोडपं, आणि दरवेळी लीलाबाई. लीलाबाई म्हणजे तुमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या निवृत्त ताई, पहिल्या सीटचा हक्क कधीही न सोडणाऱ्या. डब्यात ज्वारीच्या भाकरी, जवसाची चटणी, ठेचा. बस नांदेड, लातूर, सोलापूर मागं टाकत जायची. घाट उतरायला लागली की कानात दडे बसायचे आणि हवा चिकट व्हायची. मग तुम्ही उठून उभं राहायचात, एका हातानं दांडा धरून.

"आता कोणी झोपाचं नाई. झोपलेल्याले समुद्र दिसत नाई."

दक्षिण कोकणातली ती किनारपट्टी तेव्हा अगदी आडबाजूला होती. रस्ता किनाऱ्यानं जायचा नाही. तो डोंगराच्या आड शिरायचा, मधूनच एखाद्या खिंडीत समुद्र दाखवायचा आणि परत काढून घ्यायचा. तुम्ही लोकांना नेहमीच्या जागा दाखवायचात. दीपगृह, ज्याच्या गोल जिन्यात लीलाबाईंना घेरी आली. पाण्यातून पायऱ्या वर येतात तो किल्ला. खाडी समुद्राला मिळते तिथला वाळूचा दांडा, ज्याच्या एका अंगाला झोपलेलं पाणी असतं आणि दुसऱ्या अंगाला जागं. कौलारू देवळाची दीपमाळ. पहाटे रापणीचं लांबलचक जाळं ओढणारी माणसं, दोन्ही टोकांनी मागं मागं चालत येणारी, जणू समुद्रच ओढून काठावर आणणार आहेत.

आर्णीची माणसं समुद्रासमोर पहिल्यांदा उभी राहिली की थोडा वेळ बोलायची नाहीत. त्या वेळात मी त्यांचे चेहरे बघायचो. मग कुणीतरी तोंड उघडायचं. लीलाबाईंचं पहिलं वाक्य मला पाठ आहे. "एवढं पाणी, अन् सोयाबीनले एक थेंब कामाचं नाई."

पळसाची गोष्ट पहिल्याच सहलीतली आहे. तेव्हा ताईही सोबत होती. रात्रीच्या प्रवासात एका खाडीवरच्या पुलाचं काम चालू होतं म्हणून बस आतल्या रस्त्यानं वळवली होती. आम्ही सगळे झोपेत होतो. पहाटे झटका बसला आणि बस एका चढावर उभी राहिली. क्लचची वायर तुटली होती. ड्रायव्हर खाली शिरला, त्याच्यामागं अर्धी आर्णी शिरली. ज्याला मोटारसायकल दुरुस्त करता येते त्याला बसही येते असं तुमच्या गिऱ्हाइकांचं मत होतं. तुम्ही मात्र तिथं नव्हता. तुम्ही काजूच्या झाडांमधून खाली उतरत गेला होता.

ऊन अंगावर यायला लागलं तेव्हा तुम्ही परत आलात. पँट गुडघ्यापर्यंत ओली. शर्टाची बाही फाटलेली. दोन्ही तळहात खरचटलेले. तुम्ही बसच्या पायरीवर बसलात, पाणी मागितलं आणि बराच वेळ पाणी हातात धरून बसलात.

"खाली एक बेट आहे," तुम्ही म्हणालात. "तिथवर वाट आहे. पाण्यातून."

"पाण्यातून कशी वाट?" मी विचारलं.

"दोन वावराच्या मधात धुरा असते ना, तशी. रेतीची. इकडेबी पाणी, तिकडेबी पाणी. मी चालत गेलतो. चप्पल हातात घेऊन. मधात गेलो तं मले वाटलं मी वावरातच चालून राह्यलो. अन् तिकडं बेटावर गोटे अन् गोटे, अन् एकच झाड. पळस."

"पळस?"

"पळस. एक पान नाई. नुसता लाल. त्याच्या पाकळ्या पाण्यावर पडून तरंगून राह्यल्या. आपल्या केळापूरच्या रस्त्यावर असते ना, तसाच, पण समुद्रात."

बस हसली. म्हणजे बसमधली माणसं हसली, पण मला ती आठवण अशीच येते, सगळी बस हलली. मी म्हणालो, चला, मला दाखवा. तुम्ही उठलात. तेवढ्यात इंजिन सुरू झालं आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. आता बंद केली तर परत चालू होणार नाही, तो ओरडला. आपण दोघं काजूच्या पहिल्या झाडापर्यंत गेलो होतो. तिथून परत फिरलो. वळणावरून समुद्र दिसलाच नाही.

पुढचा सगळा वाद त्या बसमध्येच सुरू झाला.

"हाताला काय झालं?" मी विचारलं.

"पाय घसरला. झाडाले धरलं."

"पळसाला धरलं, अन् हात असे ओरबाडले?"

"हो."

"भाऊजी, पळसाला काटे नसतात."

तुम्ही तळहात उलटेसुलटे करून बघितलेत. "नसतेत," तुम्ही म्हणालात. "ते मलेबी मालूम आहे. पण हे झालं."

परत आल्यावर मी रविवारच्या पुरवणीसाठी सहलीवर लेख लिहिला. दीपगृह घातलं, किल्ला घातला, रापण घातली, लीलाबाईंचं वाक्य घातलं. पुरवणी घेऊन तुम्ही आर्णीहून यवतमाळला आलात. कार्यालयाच्या जिन्यात गाठलंत.

"माही वाट कुठं गेली?"

"एकाच माणसानं पाहिलेली गोष्ट आहे. खात्री नव्हती."

"मी पाह्यली ना."

"तुम्ही एक स्रोत आहात."

"मी तुह्या बहिणीचा नवरा आहो, स्रोत कायचा?"

"आणि झाड चुकतंय. झाड चुकलं की सगळं चुकतं."

"पळसाले पानं तीनच, कुठंबी जाय. तुह्या पेपरातबी तीनच." एवढं बोलून तुम्ही जिना उतरलात. खालून परत आवाज दिलात, "दाखवतो तुले. पुढच्या सालीच दाखवतो."

हा वाद कधी संपला नाही. त्यानंतरच्या सगळ्या सहली खरं तर त्या वादाच्याच होत्या, हे बसमध्ये सगळ्यांना माहीत होतं. नेहमीच्या जागा दाखवून झाल्या की तुम्ही ड्रायव्हरला म्हणायचात, "आता जरा आतून चाल." मग नकाशात नाव नसलेल्या कुठल्यातरी टोकावर बस थांबायची. खाली उतरणारी पायवाट, काजू, गोटे, पाणी. समोर बेट असायचं किंवा नसायचं. वाट कधीच नसायची.

आपण तेव्हा जी चूक करत होतो ती आपल्याकडच्याच माणसांनी करावी अशी होती. तुम्ही ती वाट पहाटे, उजाडता उजाडता पाहिली होती, म्हणून आपण सगळीकडं पहाटे जायचो. एका टोकावर तर लागोपाठ दोन पहाटे गेलो, एसटीची वेळ पाळावी तसे. भरती-ओहोटी आपण दोघांनीही शाळेत भूगोलात पाठ केली होती. समुद्र रोज आपली वेळ पुढं ढकलतो, हे त्या धड्यातून डोक्यात उतरलं नव्हतं. मग तुम्हाला वाटलं, आपण चुकीच्या महिन्यात येतोय. आणि एका वर्षी तुम्ही सहल मे महिन्यात काढलीत. कारण उघड होतं. मे महिन्यात पाणी आटतं. अरुणावती आटते, तलाव आटतो, घरची विहीर तळ दाखवते.

मे महिन्यातल्या त्या दुपारी तापलेल्या कातळावर छत्री धरून उभ्या राहिलेल्या लीलाबाई मला आजही दिसतात.

"दिवाकरभाऊ, अरुणावतीत या दिवसात पोरं क्रिकेट खेयते. तुमचा समुद्र काहून नाई आटून राह्यला?"

"आटीन, आटीन. थोडं थांबा."

"मी पासष्टीची झाली जी. किती थांबू?"

चहाच्या टपरीवरच्या माणसानं शेवटी तुम्हाला समजावलं, की इथं पाणी उन्हाळ्यानं नाही, चंद्रानं उतरतं. अमावस्येला, पौर्णिमेला सगळ्यात जास्त. तुम्ही ते शांतपणे ऐकून घेतलंत. परतीच्या वाटेवर कोल्हापूर येईपर्यंत बोलला नाहीत. मग मागं वळून म्हणालात, "चंद्र आपल्याकडंबी आहे. आपल्या विहिरीवर काहून नाई चालत त्याचं?" बसमध्ये एका मास्तरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्यांच्या बायकोनं त्यांना गप्प केलं.

पुढच्या वर्षी तुम्ही अमावस्येच्या बेतानं बस ठरवलीत आणि ती भरलीच नाही. आर्णीत कोणती सासू अमावस्येला सुनेला प्रवासाला धाडेल? तेव्हापासून पौर्णिमा ठरली. तूर घरात, पळस फुलावर, आणि पौर्णिमा. एवढं जुळलं की बस निघायची. पण जागा सापडत नव्हती. टोकं खूप आहेत त्या किनाऱ्याला.

भाऊजी, एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. ती आता सांगतो. त्या शोधात आपण जे पाहिलं ते माझ्या कुठल्याच लेखात आलं नाही, आणि मला सहलीतलं आता तेवढंच आठवतं. एका टोकावर आंब्याखाली बांधून ठेवलेली होडी होती आणि तिच्यात एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. एका गावात घराच्या मागच्या दारातून समुद्र दिसायचा आणि पुढच्या दारातून डोंगर, आणि घरातली म्हातारी दोन्ही दारं उघडी ठेवून मधोमध तांदूळ निवडत होती. एका खाडीत भरती चढत होती, सगळं पाणी उलटं, डोंगराकडं चाललं होतं, वरती वाळलेली पानं आणि एक चप्पल घेऊन. ते बघून लीलाबाई म्हणाल्या, "पाह्य पाह्य, नदी माहेरी चालली." बायका हसल्या आणि मग बराच वेळ काठावर बसून राहिल्या. त्यातल्या काही रडत होत्या असं मला वाटलं. खात्री नाही. एका कातळावर आपण दोघं उताणे पडलो होतो, खालून पाण्याचा आवाज येत होता, कातळाच्या पोटातून आल्यासारखा. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "इथं नाई आहे. पण चांगलं आहे." मी हो म्हणालो. त्या दिवशी आपण भांडलो नाही.

गेल्या महिन्यात मी दुकानात आलो होतो. तुम्ही चेनसेट पुसत होता.

"यंदा होळीच्या पुनवेची बस ठरवली. येजो."

"सुटी मिळते का पाहतो."

"तुले सुटी नाई पाह्यजे. तुले पुरावा पाह्यजे."

"दोन्ही पाहिजे."

"एक सांग," चेन खाली ठेवून तुम्ही म्हणालात, "समज, सापडली वाट. तू छापशीन. मंग?"

"मग काय?"

"मंग पुढच्या सालापासून आपण कुठं जाचं?"

मी हसलो. गिऱ्हाईक आलं. तुम्ही त्याच्याशी ब्रेकच्या वायरवरून भांडायला लागलात. मी हात केला आणि निघालो. हे आपलं शेवटचं बोलणं.

राख सावडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी परत आर्णीला गेलो. बसायला येणाऱ्यांची वर्दळ सकाळी कमी होती. ताईनं मला शेजारी बसवलं आणि एका गावाचं नाव सांगितलं.

"हे काय?"

"ते गाव. बस जिथं बंद पडली ते."

"तुले कसं मालूम?"

"तुमी सगळे माणसं बसच्या खाली घुसले होते. आमी बाया रस्त्याच्या पल्याड शाळेच्या ओट्यावर बसलो होतो. शाळेच्या भिंतीवर लिहून होतं. मोठ्या अक्षरात."

पहिल्या सहलीनंतर तिचे गुडघे धरले आणि ती परत कधी बसमध्ये बसली नाही. पण दरवर्षी तुम्ही परत आल्यावर कोणकोणती टोकं पाहिली ते सगळं तिला याच घरात, याच सतरंजीवर बसून सांगायचात. मी तिथं असायचो. ती भाकरी वाढत ऐकायची.

"मंग इतके साल सांगितलं काहून नाई?"

"मले कोणी इचारलं?"

"ताई."

तिनं पदर नीट केला. "सापडलं असतं तं हे पुढच्या साली कायले गेले असते? दुकान अन् घर, घर अन् दुकान. ह्या दिवसात ह्याइच्या तोंडावर वेगळीच कळा ये. ती मले पाह्यजे होती." मग खालच्या आवाजात म्हणाली, "अन् समज, तिथं गेले असते, अन् नसतंच काई, तं? तूच छापलं असतं, का नाई म्हणून."

"नसतं छापलं."

"छापलं असतं तू."

बाहेर कुणीतरी आलं. ती उठून आतल्या भिंतीशी जाऊन बसली.

मग मी माझं काम केलं. त्या गावच्या शाळेचा फोन मिळवला. मुख्याध्यापिका त्याच गावच्या निघाल्या. नाव सुजाताताई. मी कोण, कुठून बोलतो ते सांगितलं. यवतमाळ म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "एवढ्या लांबून? तुम्ही रिसॉर्टवाले नाय ना?" नाही म्हटल्यावर बोलायला लागल्या. माझ्याशी शुद्ध बोलायचा प्रयत्न करत होत्या आणि मधूनच त्यांची भाषा आपल्या वाटेनं जात होती.

समोर बेट आहे का, एवढंच मी विचारलं. आहे, म्हणाल्या. तिथं चालत जाता येतं का? सुकतीक जाता येतं, म्हणाल्या. सुकती म्हणजे ओहोटी. पण रोजच्या ओहोटीला वाट पडत नाही, मोठ्या पौर्णिमेला किंवा अमावस्येला पडते, आणि तीही थोडा वेळ. त्या स्वतः लहानपणी आजोबांबरोबर एकदा गेल्या होत्या. तिकडं काय आहे, ते आता नीट आठवत नव्हतं.

"तुम्ही जाऊन पाहू शकाल का? होळीच्या पौर्णिमेला?"

"कशाक? म्हणजे, कशाला?"

मी तुमचं सांगितलं. तुम्ही कोण होता, कधी गेलात, आणि ताई काय विचारतेय. पळस सांगितला नाही. काटे सांगितले नाहीत. सूचक प्रश्न विचारायचा नाही, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. मी म्हणालो, "तिथं जे असेल ते मला सांगा. एवढंच."

फोनवर थोडा वेळ समुद्राच्या वाऱ्यासारखा आवाज येत राहिला. कदाचित तो पंखा असेल.

"मी जातंय," त्या म्हणाल्या. "सांजच्या सुकतीक जातंय, घोवाक, म्हणजे नवऱ्याला घेऊन. पण एक करा. गावाचं नाव छापू नका. बाकीच्या टोकांवर बघा ना, गाड्या, बाटल्यो. लोक फोटो काढत ऱ्हवतत, आणि वाट मिटता. भरती कोणासाठी थांबत नाय."

म्हणून इथं गावाचं नाव नाही.

होळीच्या दिवशी संध्याकाळी मी आर्णीत होतो. सुतकाच्या घरी होळी नसते. शेजारच्या अंगणात पळसाची फुलं टाकून पाणी उकळायला ठेवलं होतं, त्याचा वास येत होता. तुमची मुलगी आत सासूशी फोनवर बोलत होती. लीलाबाई सतरंजीवर ताईच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. ताईनं सांगितलं असावं, कारण त्या दर थोड्या वेळानं माझ्या खिशाकडे बघत होत्या.

"वाजून तं नाई राह्यला?" त्या म्हणाल्या. "तुह्या फोनचा आवाज बंद तं नाई?"

"चालू आहे, लीलाबाई."

"दिवाकरभाऊनं मले मे महिन्यात उन्हात उभं केलतं. मले हक्क आहे ऐकाचा."

उजेड पिवळा झाला आणि मग निळसर. चंद्र शेजाऱ्यांच्या टीनाच्या वर आला. फोन वाजला तेव्हा मी तो स्पीकरवर टाकून ताईसमोर ठेवला. पहिल्यांदा नुसता वारा ऐकू आला, खूप मोठा, आणि त्याच्या खाली पाण्याचा आवाज. ताईनं पुढं वाकून फोनजवळ कान नेला. ती लग्नानंतर एकदाच समुद्रावर गेली होती.

"आयकताव मां?" सुजाताताईंचा आवाज आला. धाप लागली होती त्यांना. "आमी थंय पोचलो. बेटार."

त्या बोलत राहिल्या. नवरा मागून घाई करत होता, पाणी वळतं असं म्हणत होता. मी कागदावर लिहून घेत होतो. जे कळलं नाही ते परत विचारलं. झाड कसलं, हे मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी एकच उत्तर दिलं. मग त्या म्हणाल्या आता निघायला हवं, आणि फोन बंद झाला.

ताईनं विचारलं, "काय लिहिलं, वाच."

मी वाचलं. ओहोटीला किनाऱ्यापासून बेटापर्यंत वाळूची वाट पडते. आज पडली. तिच्यावरून चालत जाता येतं, पाणी घोट्याच्या खाली राहतं. बेटावर खडक आहेत आणि एकच झाड आहे. झाडाला पान नाही, फुलं लाल आहेत आणि खाली पाण्यावर पडलेली आहेत. झाड पळसाचं नाही, पांगाऱ्याचं आहे. खोडाला काटे आहेत.